चौथी कॉइल विकत घेण्यापूर्वी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट समजला आहे की नाही हे आपल्याला पडताळता येईल. आपण हौसेने एक उघडी, दोन आसनांची गाडी बांधून घेतली आहे. चासी पाइपची, बॉडी फायबरची, इंजिन अ‍ॅम्बॅसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल, डिस्ट्रिब्युटर (ठिणगी प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) पॉइंट-कंडेन्सरचाच (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच, कंडेन्सर म्हणजे तो उघडताना त्यावर उडणारी ठिणगी आवरणारा भाग), डायनॅमो काढून त्या जागी बसवलेला अल्टरनेटर आणि मारुती ८०० च्या हार्नेसमधून जुळवलेले वायरिंग. चौदा महिन्यांत तीन इग्निशन कॉइल, म्हणजे बॅटरीच्या व्होल्टेजपासून ठिणगीचे हजारो व्होल्ट बनवणारे डबे, गेल्या. गाडी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, अर्धा तास गर्दीत चालली की झटके खाते, सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात आणि बंद पडते. वीस-पंचवीस मिनिटे उभी केली की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू होते. मीटरवर मात्र प्रत्येक कॉइल ‘ओके’ दाखवते. आता मेकॅनिक परदेशी बनावटीची महाग कॉइल घ्या म्हणतात, ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे.

आत्ता घेऊ नका. ती कॉइल वाईट असेल म्हणून नव्हे. ज्या कारणाने पहिल्या तीन गेल्या तेच कारण चौथीलाही खाईल आणि महाग कॉइल गेल्याचे दुःख जास्त होईल, म्हणून. कारखान्यातून आलेल्या गाडीत कॉइल, पॉइंट, वायरची जाडी आणि चार्जिंगचे व्होल्टेज यांचा मेळ कोणीतरी कागदावर आधीच घातलेला असतो. बांधून घेतलेल्या गाडीत मात्र चार गावचे पाहुणे एकाच पंगतीला बसवलेले असतात. प्रत्येक जण आपल्या घरी ठीक असतो, पण त्यांचे एकमेकांशी जुळते का, हे कोणी विचारलेले नसते. म्हणून अशा गाडीत कॉइल मेली का, या प्रश्नाच्या आधी तिच्यातून किती करंट जातो आणि तेवढा सोसण्यासाठी ती बनली आहे का, हा प्रश्न सोडवावा लागतो.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिकलचे काम करतो आहे. तरीही गाडी न पाहता दिलेले मत हे मतच असते, हे आधी कबूल करतो. आपल्या इंजिनावर पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिट असते किंवा इंजिन इंजेक्शनचे आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेले असते, तर पुढचे बरेचसे लिखाण लागू झाले नसते. तिथे कॉइल किती मिलिसेकंद भरायची हे कॉम्प्युटर ठरवतो आणि तपास त्या आकड्यापासून सुरू होतो. पण आपण प्रश्नात जाता जाता तीन गोष्टी लिहिल्या आहेत, ज्यांना आपण स्वतः फारसे महत्त्व दिलेले दिसत नाही. माझ्या दृष्टीने निम्मे उत्तर त्या तिघींतच आहे.

पहिली म्हणजे, कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमध्ये मीटरने १.७ ओहम दाखवले. दुसरी, पॉइंट दर महिन्याला घासावे लागतात. आणि तिसरी, पहिली कॉइल आठ महिने टिकली, त्यानंतर इलेक्ट्रिशियनने ‘करंट पूर्ण मिळावा’ म्हणून कॉइलच्या सप्लायला रिले (बॅटरीकडून थेट करंट देणारा, विजेवर चालणारा स्विच) बसवला, आणि त्यापुढची कॉइल चार महिने तर तिच्यापुढची दोनच महिने चालली.

१.७ पासून सुरू करू. आपल्या मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा. साध्या मीटरवर ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतील. तो वायरांचा स्वतःचा रेझिस्टन्स आहे आणि तो वजा करायचा असतो. म्हणजे आपली कॉइल साधारण दीड ओहमची निघते. आता या पिढीच्या पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरसाठी बनलेली साधी १२ व्होल्टची कॉइल तीन ओहमच्या आसपास असते. दीड ओहमची कॉइल वेगळ्या मांडणीसाठी असते: तिच्या आधी सप्लायच्या वायरमध्ये दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर असतो, इंजिन चालू असताना निम्मे व्होल्टेज त्याच्यावर पडते आणि सेल्फ मारताना तेवढ्यापुरता तो वगळला जातो, म्हणजे बॅटरी खचलेली असतानाही ठिणगी जोरदार पडते. दोन्ही कॉइल दिसायला सारख्याच असतात, क्लॅम्पमध्येही सारख्याच बसतात. दुकानदाराने ‘अ‍ॅम्बॅसेडरला बसते’ म्हणून दिली तर तो खोटे बोललेला नसतो, ती बसतेच. कॉइलच्या अंगावरचे लेबल पुसले गेले नसेल तर बाहेरून रेझिस्टर लावूनच वापरावी, अशी इंग्रजीतली बारीक सूचना त्यावर सापडते का, ते आधी पाहा. आपल्या वर्णनात बॅलास्ट रेझिस्टरचा उल्लेख कुठेच नाही.

आता साधा हिशेब करू. अल्टरनेटर चालू असताना १४ व्होल्ट धरले, तर तीन ओहमच्या कॉइलमधून पॉइंट बंद असताना जास्तीत जास्त ४.७ अँपिअर जातात आणि दीड ओहमच्या कॉइलमधून ९.३ अँपिअर. पॉइंटांना साधारण चार-पाच अँपिअरपर्यंत त्रास होत नाही. नऊ अँपिअर तोडायला लागले की त्यांच्यावर खड्डा आणि टेकाड उठते. दर महिन्याला पॉइंट घासावे लागण्याचे कारण इथे असावे, असे मला वाटते. उष्णतेचे गणितही तसेच आहे: तीन ओहमच्या कॉइलमध्ये या क्षणी ६५ वॅट उष्णता होते, तर दीड ओहमच्या कॉइलमध्ये १३१ वॅट. एका बंद डब्यात, तेलात बुडवलेल्या केसाएवढ्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांजवळ सोल्डरिंगचे दोन-तीन गन सतत चालू ठेवल्यासारखा हा प्रकार आहे.

गाडी हायवेवर ठीक आणि गर्दीत बंद, हेही यातून उलगडते. चार सिलिंडरच्या इंजिनाला ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्यांवर) दर ठिणगीमागे ३७.५ मिलिसेकंद मिळतात आणि त्यांपैकी दोन-तृतीयांश काळ, म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंद, पॉइंट बंद असतात. कॉइल भरायला एवढा वेळ लागत नाही. ती काही मिलिसेकंदांत भरते आणि उरलेला सगळा वेळ नुसती तापत राहते. ४००० आरपीएमवर हाच काळ पाच मिलिसेकंदांवर येतो, करंट पुरता चढायच्या आधीच पॉइंट उघडतात आणि सरासरी उष्णता कमी होते. त्यात हायवेवर वारा लागतो, सिग्नलला लागत नाही. (इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून रेडिओ ऐकण्याची सवय असेल तर आजच सोडा. नेमके पॉइंट मिटलेल्या स्थितीत इंजिन थांबले असेल तर पूर्ण करंट अखंड वाहतो आणि दहा-पंधरा मिनिटांत कॉइलची वाट लागू शकते.)

आणि तो रिले. इलेक्ट्रिशियनने केलेले काम स्वतंत्रपणे पाहिले तर चांगलेच आहे. मीही तेच केले असते. पण ८०० च्या जुन्या हार्नेसमध्ये, झिजलेल्या इग्निशन स्विचमध्ये आणि दोन-तीन पिळून टेप मारलेल्या जोडांमध्ये मिळून दोन-अडीच व्होल्ट आधी वाया जात असावेत. म्हणजे कॉइलला साडेअकरा व्होल्टच मिळत होते आणि १३१ ऐवजी ८८ वॅटच्या आसपास उष्णता होत होती. खराब वायरिंग नकळत बॅलास्ट रेझिस्टरचे काम करत होते! रिलेने ते दुखणे दूर केले आणि कॉइलचे आयुष्य निम्म्यावर आणले. बांधलेल्या गाड्यांत हा अनुभव मला अनेकदा आला आहे, की एक दोष दुसऱ्या दोषाला सांभाळून घेत असतो, आणि आपण एकच दुरुस्त केला की दुसरा उघडा पडतो.

मग मीटरवर कॉइल ‘ओके’ का येते? याची दोन कारणे आहेत. मीटर एक-दोन व्होल्टने तपासतो, तर कॉइल वीस हजारांच्या पुढच्या व्होल्टेजवर काम करते. दोन वेढ्यांमधले इन्सुलेशन एक-दोन व्होल्टला सहज तोंड देते आणि पाच-दहा हजारांना फुटते. दुसरे असे की आपण थंड कॉइल मोजता आणि दोष गरम कॉइलमध्ये असतो. गाडी बंद पडल्याबरोबर, हात भाजणार नाही अशा बेताने, वायरी काढून मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणून ३० अंशांना तीन ओहम असलेली निरोगी कॉइल ९० अंशांना ३.७ दाखवते. ही वाढ दिसली म्हणून घाबरू नये. पण आकडा उड्या मारू लागला, किंवा मधल्या हायटेन्शन टर्मिनलपासून (जिथून ठिणगीचे हजारो व्होल्ट बाहेर पडतात) मोजताना थंड असताना आठ-दहा हजार ओहम दाखवणारी कॉइल गरमपणी एकदम ओपन झाली, तर आतली तार तापून ताणल्यावर तुटते आणि थंड झाल्यावर टेकते, असे खुशाल समजावे. कॉइलला हात लावून निदान करू नका. चांगली कॉइलही साठ-सत्तर अंशांपर्यंत तापते आणि तेवढ्यावर हात काही सेकंदांपलीकडे ठेवता येत नाही.

इथपर्यंतचे सगळे अनुमान आहे. खात्री करायची तर गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच पकडावी लागते, आणि त्यासाठी चार वस्तू गाडीत ठेवाव्यात: मीटर, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा पाच वॅटचा बल्ब, बाहेरची दांडी वाकवून सहा मिलिमीटर फट केलेला जुना प्लग, आणि सुती फडके व पाण्याची बाटली.

गाडी बंद पडली की प्रथम तो जुना प्लग कॉइलच्या मधल्या वायरला लावून, त्याचे धातूचे अंग जंपर वायरने इंजिनला पक्के जोडून ठेवा आणि सेल्फ मारायला लावा. आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, वायर हातात धरू नये आणि पेसमेकर असलेल्या माणसाने या कामाजवळ थांबू नये. सहा मिलिमीटरची फट यासाठी, की ०.६ मिलिमीटरच्या नेहमीच्या फटीत उघड्या हवेत अर्धमेली कॉइलसुद्धा ठिणगी पाडते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तिला तेवढे जमत नाही. निळसर-पांढरी, ‘चट् चट्’ असा आवाज करणारी ठिणगी सलग पडत असेल, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर यांना त्या क्षणी दोष देऊ नका. मग एक तर ठिणगी पुढे डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या रोटरमध्ये किंवा त्याच्या कॅपमध्ये वाट चुकते आहे, किंवा प्रश्न पेट्रोलचा आहे. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकावर एक आहेत. बांधलेल्या गाडीत मधली उष्णतारोधक पत्र्याची ढाल बहुधा ‘शोभत नाही’ म्हणून काढलेली असते. गर्दीत पेट्रोल उकळून व्हेपर लॉक, म्हणजे वाफेने पेट्रोलची वाट अडली, तरी गाडी हुबेहूब अशीच बंद पडते आणि वीस मिनिटांनी सुरू होते. मात्र व्हेपर लॉकमध्ये इंजिन गुदमरत, रखडत बंद पडते. सायलेन्सरमधले फटाके न जळलेले पेट्रोल बाहेर पडत असल्याचे, म्हणजे बहुतेक वेळा ठिणगी चुकत असल्याचे सांगतात, आणि आपले वर्णन दुसऱ्या प्रकारात बसते.

ठिणगी पिवळट, दोऱ्यासारखी किंवा नसलीच, तर बल्ब घ्या. त्याची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला लावून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट उघड-मीट करत आहेत. सतत पेटलेला राहिला तर कुठेतरी ते टर्मिनल अर्थ झालेले (इंजिनच्या किंवा चासीच्या धातूला जोडले गेलेले) आहे, आणि आपल्या गाडीत त्याचा पहिला संशयित नव्याने लावलेले टॅकोमीटर (आरपीएम दाखवणारे मीटर) आहे. त्याची वायर कॉइलवरून काढा आणि पुन्हा पाहा. अजिबात पेटला नाही तर पॉइंट मिटत नाहीत किंवा डिस्ट्रिब्युटरला अर्थ नाही.

आता सर्वांत सोपी आणि मला सर्वांत आवडणारी परीक्षा. बल्ब लुकलुकतो आहे, कॉइलला व्होल्टेज आहे, ठिणगी मात्र मेलेली आहे, अशा वेळी चावी बंद करून ओला फडका कॉइलच्या अंगाभोवती गुंडाळा. वरचे हायटेन्शनचे तोंड कोरडे राहील याची काळजी घ्या. दोन-तीन मिनिटांनी फडका पुन्हा भिजवा, एकूण पाचेक मिनिटांनी तोंड पुसून सेल्फ मारा. एवढ्या वेळात इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर सगळे गरमच असते. थंड झालेली असते ती फक्त कॉइल. ठिणगी परत आली तर कॉइलचा दोष सिद्ध झाला. नाही आली तर कंडेन्सर बदलून पाहा, कारण तोही गरम झाल्यावर दगा देतो, लक्षणे जवळपास तीच दाखवतो आणि कॉइलच्या मानाने फारच स्वस्त असतो. पॉइंट खाण्यात त्याचाही हात असू शकतो, त्यामुळे तो असाही एकदा बदलाच. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. ती कमी पडली की पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहतात आणि कॉइल आणखी तापते.

फायबरच्या बॉडीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मी स्वतः फसलेलो आहे. तिचा पहिला तोटा असा, की पत्र्याच्या बॉडीसारखी ती करंटला बॅटरीकडे परतीची वाट देत नाही. एका गिऱ्हाइकाच्या बांधून घेतलेल्या जीपला मी दोन कॉइल बदलल्या आणि दोन्ही वेळा गाडी आठवडाभरात परत आली. तिसऱ्या वेळी सेल्फ मारताना माझा हात चुकून चोकच्या केबलला लागला आणि चटका बसला. इंजिन रबरी माउंटिंगवर होते, चासीला पावडर कोटिंग केले होते आणि इंजिन ते चासी ही अर्थची पट्टी पुन्हा बसवायची राहून गेली होती. सेल्फपासून ठिणगीपर्यंत सगळा परतीचा करंट चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढत होता. ती पट्टी लावल्यावर गाडी सुधारली. माझी चूक अशी, की मी पॉझिटिव्ह बाजू दोनदा मोजली आणि परतीची एकदाही नाही.

म्हणून सेल्फ फिरत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थिंग सुधारा. मग चावी ऑन, इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइलच्या सप्लायच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून कमी आढळू नये. पॉइंट उघडे असताना मोजलेले व्होल्टेज फसवे असते, कारण करंटच वाहत नाही आणि सडलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्याच स्थितीत डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलवर ०.३ व्होल्टच्या आत यायला हवे. जास्त आले तर पॉइंट मळलेले आहेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली बेसप्लेटची बारीक अर्थ वायर तुटत आली आहे. ही मोजमापे पटकन उरका, कॉइल तापत असते.

फायबरचा दुसरा तोटा असा, की कॉइलची उष्णता क्लॅम्पमधून बॉडीत उतरते आणि पत्रा ती पसरवतो. फायबर पसरवत नाही. आपल्या फोटोत कॉइल फायबरच्या फायरवॉलवर, एक्झॉस्टच्या बाजूला, आडवी बसवलेली दिसते. तेल भरलेल्या कॉइलमध्ये तेलाच्या वर थोडी मोकळी जागा असते. कॉइल आडवी केली की हाय व्होल्टेजचा काही भाग तेलाबाहेर येऊ शकतो. ती एक्झॉस्टपासून दूर, अ‍ॅल्युमिनियमच्या चांगल्या रुंद पट्टीवर, तोंड वर करून उभी बसवा, आणि ती पट्टी चासीच्या पाइपला घट्ट आवळा.

आता खरेदीचे. साधी, पॉइंटसाठी बनलेली तीन ओहमची कॉइल घ्या आणि दुकानातच, पिनांचा रेझिस्टन्स वजा करून, मोजून घ्या. सध्याचीच कॉइल ठेवून दीड ओहमचा सिरॅमिक बॅलास्ट रेझिस्टर लावता येतो आणि करंट तेवढाच, ४.७ अँपिअरवर येतो. पण तो रेझिस्टर स्वतः चांगलाच तापतो, फायबरवर बसवता येत नाही आणि सेल्फच्या वेळची बायपास वायर वेगळी ओढावी लागते. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पहिला मार्ग सरळ आहे. जोडताना निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचे मायनस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे जायला हवे. जुन्या कॉइलवर प्लस-मायनसऐवजी ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी अक्षरे असतील आणि ती पॉझिटिव्ह अर्थच्या जमान्यातली असेल, तर निगेटिव्ह अर्थच्या गाडीत त्या दोन वायरींची अदलाबदल करावी लागते. उलटी जोडली तरी गाडी चालते, पण प्लगच्या गरम मध्य इलेक्ट्रोडचा फायदा हातचा जातो आणि प्रत्येक ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते.

नवी कॉइल लावण्याआधी हायटेन्शनच्या वायरीही मोजा. आतून तुटलेली एक जरी वायर राहिली, तरी ठिणगीला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ती कॉइलच्या आतच किंवा तोंडावरच फुटते. तोंडाच्या आत काळी, पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ दिसली तर ती याचीच खूण.

इलेक्ट्रिशियनशी भांडू नका, रिले तसाच राहू द्या. नवी कॉइल बसली की चाळीस मिनिटे गर्दीत फिरवून आणा आणि मला तीन आकडे कळवा: चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फच्या वेळी इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधला फरक, आणि परत आल्याबरोबर मोजलेले गरम कॉइलचे ओहम.